आभाळातला बांध

हंगाम सुरू झाला की पेठ वडगावच्या वाऱ्याला गोड वास सुटतो, असं शहरातली माणसं म्हणतात. आम्हा तिथल्यांना तो कधी गोड लागला नाही. त्यात जळक्या पाचटाचा धूर असतो, ट्रॅक्टरचं डिझेल असतं, मळीचा आंबूस भपका असतो. गोडवा लांबून येणाऱ्यालाच कळतो. मी आता कोल्हापुरात राहतो, म्हणजे तसा लांबचाच झालो, पण माझ्या नाकाला अजून ते कळलेलं नाही.

परवा शेतावर गेलो होतो. आमच्या उसाला लागून चुलत्याच्या नातवाचा, प्रकाशचा ऊस आहे. प्रकाशनं फवारणीसाठी ड्रोन घेतला आहे. वाटेकऱ्यानं मला बांधावर खुर्ची टाकून दिली होती आणि मी म्हातारपणाचा हक्क म्हणून नुसता बघत बसलो होतो. उसाच्या शेंड्यांवरून तो ड्रोन गुणगुणत यायचा, खाली धुक्यासारखं औषध सोडत. आमच्या सामाईक बांधापाशी आला की हवेतच थबकायचा. मग जागच्या जागी वळून परत जायचा. वीतभरही पुढं येत नव्हता. खाली बांध होता तो समजण्यासारखा आहे. त्यावर घायपात आहे, दगड आहेत, दोन पिढ्यांची भांडणं आहेत. पण वर, मोकळ्या हवेत, तोच बांध तितकाच पक्का उभा होता.

“एवढा काटेकोर कसा थांबतो रे?” मी विचारलं.

“हद्द भरून दिलीया की त्यात, आबा. पल्याड जायाचाच न्हाई. गेला तर तुमचा वाटेकरी माझ्या नावानं गाव गोळा करतोय.”

“आणि वरून आमचा ऊस दिसतो का?”

“दिसतोय म्हंजे? क्यामेरा हाय की. तुमच्या मधल्या सऱ्यांत तांबेरा लई हाय. पानं पार गंजल्यागत झाल्यात.”

“मग सांगितलं नाहीस ते?”

प्रकाशनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. खरंच नवल होतं.

“तुमी इचारलं कुठं?”

वाटेकरी फिस्सकन हसला. मीही हसल्यासारखं केलं आणि खुर्चीतून उठलो. उठताना गुडघे कुरकुरले, त्यामुळं डोळ्यांत पाणी का आलं हे कुणाला सांगावं लागलं नाही.

मी लष्करात होतो. कर्नल म्हणून निवृत्त झालो. नोकरीची उमेदीची वर्षं डोंगरात गेली आणि शेवटची कागदात. त्या कागदांचा विषय एकच होता: आभाळ कुणाचं. वर उडणारं विमान, हेलिकॉप्टर, माणूस नसलेलं टेहळणीचं यान, त्याहून वर फिरणारा उपग्रह, यातलं काय लष्करानं सांभाळायचं, काय हवाई दलानं, काय नौदलानं. या विषयावर मी लिहिलेलं एक टिपण त्या काळात वाखाणलं गेलं होतं. अजूनही एखादा निवृत्त मित्र फोन करून म्हणतो, “अरे, तू तेव्हा लिहिलंस तेच आता टीव्हीवर बोलतायत.” बोलतात खरे. संध्याकाळी चार चौकटींत चार निवृत्त अधिकारी बसतात. मिशा त्याच, आवाज तेच, फक्त ‘अवकाश’ हा शब्द नवा. मी आवाज बंद करून बघतो. आवाज बंद केला तरी कोण कुठल्या शाखेचा हे हातवाऱ्यांवरून कळतं.

लष्कर म्हणतं, जो जमिनीवर मरतो त्याच्या डोक्यावरचं आभाळ त्याच्याच ताब्यात हवं. हेलिकॉप्टर ही आमची तोफच आहे, ती दुसऱ्याच्या कोठारात का ठेवायची? हवाई दल म्हणतं, आभाळ एकसंध आहे. त्याच्या चिंध्या करून प्रत्येक पलटणीला एकेक फडकं वाटलं तर शत्रूची विमानं येतील तेव्हा पांघरायला काही उरणार नाही. नौदल म्हणतं, आमचं क्षितिज लांब, तुमच्या जमिनीवरच्या मापांनी समुद्र मोजू नका. आणि उपग्रह तर कुणाच्याच माथ्यावर थांबत नाही; तो सगळ्यांवरून फिरतो, म्हणून तो सगळ्यांनाच आपला वाटतो. यातलं एकही म्हणणं खोटं नाही. अडचण तीच आहे. भाऊबंदकीत कुठल्याच भावाचं म्हणणं खोटं नसतं. म्हणून तर ती मिटत नाही.

भाऊबंदकी मी लष्करात शिकलो नाही. घरून घेऊन गेलो होतो.

वडगावला आमचं गुऱ्हाळ होतं. वडील आणि चुलते दोघांचं मिळून. काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, वडील उभे राहायचे; रस किती आटला, फेस कसा फुटतोय, गूळ कधी उतरवायचा हे त्यांचं काम. चुलवाणाच्या तोंडाशी, खाली खड्ड्यात, चुलते बसायचे. चिपाडं आत सारायची, जाळ वाढवायचा, कमी करायचा. वरच्याला जाळ दिसत नाही, खालच्याला रस दिसत नाही. दोघांनी सारखं बोलत राहावं अशीच त्या कामाची रचना. आणि आमच्या वडिलांचं न् चुलत्यांचं बोलणं बंद झालेलं. कशावरून, हे आता सांगूनही पटणार नाही. वाटणीत बांधावरचं एक जांभळाचं झाड कुणाकडं गेलं, यावरून.

काम मात्र बंद पडलं नाही. आमच्याकडं कामं अशा कारणानं बंद पडत नाहीत. जाळ कमी करायचा झाला की वडील आईला सांगायचे, “त्यास्नी म्हणावं, जाळ वडा.” आई दोन पावलांवर असलेल्या चुलत्यांना सांगायची, “भावजी, जाळ वडा म्हणत्यात.” चुलते म्हणायचे, “वडलाय म्हणावं.” आई नसली की वडील गोठ्यातल्या बैलाला सांगायचे, “ढवळ्या, जाळ लई झाला बग गा.” आणि खड्ड्यातून उत्तर यायचं, तेही बैलालाच, “ढवळ्या, आमाला कळतंय म्हणावं.” गुऱ्हाळावर रस प्यायला आलेली माणसं पोट धरून हसायची. ढवळ्याला आमच्या घरातला सगळ्यात शहाणा माणूस म्हणायची.

मी नुकताच लेफ्टनंट झालो होतो आणि हंगामात रजेवर आलो होतो, तेव्हाची गोष्ट. आई माहेरी गेलेली. ढवळ्याला नांगराला नेलेलं. काहिलीतला रस ताडमाड फुगून आला, मग त्याचा रंग बदलायला लागला. वडिलांना दिसत होतं. ते काठाशी उभे होते, हातात फावडं, ओठ घट्ट मिटलेले. खालून चिपाडं आत जातच होती. मला तो वास आला. साखर करपायच्या आधी एक कडवट वास येतो, तो. मी वडिलांच्या तोंडाकडं बघितलं, ते माझ्याकडं बघत नव्हते. मलाही हाक मारता आली असती. चुलत्यांशी माझं काही भांडण नव्हतं. पण मी वडिलांच्या बाजूचा होतो, आणि बाजू म्हणजे हाक कुणी मारायची नाही याची शिस्त. अख्खी काहील काळी झाली. चुलते खड्ड्यातून वर आले, काहिलीत बघितलं आणि पहिल्यांदा थेट बोलले.

“दिसत हुतं न्हवं तुला?”

“तू इचारलंस कुठं?” वडील म्हणाले.

त्या हंगामानंतर गुऱ्हाळ बंद झालं. आता तिथं प्रकाशची ड्रोन ठेवायची खोली आहे. ही गोष्ट मी पुढं मेसमध्ये कितीदा रंगवून सांगितली. बैलाचा भाग आला की अधिकारी टेबलं बडवायचे. हवाई दलाचा माझा एक मित्र, विंग कमांडर फिलिप, तो सर्वात जोरात हसायचा. आम्हा दोघांनाही तेव्हा वाटायचं की ती गोष्ट वडगावची आहे.

आता एका हिवाळ्याबद्दल. हंगाम म्हटलं की मला आठवतो तो हाच. इकडं वडगावात ऊस तुटत होता आणि मी उत्तरेतल्या एका मुख्यालयात बुखारीच्या शेगडीशेजारी बसून टिपण लिहीत होतो. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची फुलं यायची. घरून आलेल्या गुळाचा खडा मी चहाबरोबर चघळायचो. तेव्हाची व्यवस्था अशी होती: वरून घेतलेली चित्रं, विमानातली असोत की उपग्रहाकडून आलेली, आधी हवाई दलाच्या कक्षात जायची. लष्कराला हवी असतील तर आम्ही लेखी मागणी करायची. माझ्या टिपणाचा सगळा भर यावर होता की ही व्यवस्था चालत नाही. मागणी करा, वाट बघा, तोवर खाली डोंगरात काय व्हायचं ते होऊन जातं. तेव्हा आमची स्वतःची यानं आम्हाला द्या, आमची चित्रं थेट आमच्याकडं येऊ द्या. मला ते मनापासून पटलेलं होतं. आजही बऱ्याच अंशी पटतं. म्हणून पुढचं सांगायला जास्त अवघड जातं. वाईट हेतूनं केलेल्या गोष्टीची लाज वाटून संपते तरी.

एका दुपारी फिलिपचा फोन आला. समितीत तो माझ्यासमोर बसायचा. त्याचं टिपण माझ्या टिपणाच्या बरोबर उलट.

“तुमच्या खिंडीचं ताजं चित्र आलंय,” तो म्हणाला. “मागणी पाठव, लगेच देतो. एकदा बघून घ्या.”

“पाठवतो,” मी म्हणालो.

“लगेच म्हणजे खरंच लगेच हं. मग टिपणात लिहू नकोस की आम्ही वेळ लावतो.” तो हसला. मीही हसलो.

फोन ठेवला आणि मी मागणी पाठवली नाही.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. ते एवढंसं आहे. मी विसरलो नव्हतो, कामातही नव्हतो. माझ्या मनात सरळ विचार आला की हे चित्र हाक मारल्याबरोबर मिळालं, तर व्यवस्था चालते असंच सिद्ध होईल. उद्या मागू, परवा मागू. त्यानं आपण होऊन दिलं तर बघू. देणारा तो आहे, त्याला एवढी काळजी असेल तर मागणीशिवाय पाठवेल. आणि पलीकडं फिलिप, हे त्यानंच मला नंतर सांगितलं, असाच बसून होता: मागतील तर देऊ, न मागता दिलं तर उद्या म्हणतील हे आमच्याच हक्काचं होतं. दोन सुशिक्षित माणसं, दोन टेबलं, मधे एक बांध. तिथं ढवळ्यासुद्धा नव्हता.

त्या खिंडीतून आमची गस्त जायची. दुसऱ्या दिवशी ती निघाली, हवालदार विलासच्या हाताखाली. विलास आपल्या मुरगूडचा. मी पलटणीत कंपनी सांभाळत होतो तेव्हा तो नुकता भरती झालेला पोरगा होता. पहिल्या दिवशी मी कुठला म्हणून विचारलं तर म्हणाला, “मुरगूडचा हाय सायेब, कागल तालुका,” आणि मी कोल्हापूरचा म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. त्याला वाटलं, आता आपलं माणूस आहे वर.

खिंडीत दोन कड्यांमधली एक अरुंद नाळ होती आणि ठरलेली वाट त्या नाळेतून जायची. विलासला तिथलं बर्फ बरोबर वाटेना. त्यानं वाट सोडली आणि सगळ्यांना बाजूच्या धारेवर चढवायला लागला. स्वतः शेवटी राहिला. बर्फ सुटलं तेव्हा बाकीचे वर पोचलेले होते. तो आणि सदा नावाचा एक तरुण शिपाई, शिरोळकडचा, दोघं गेले. तो सदाला ओढून घेत होता, असं वर पोचलेल्यांनी सांगितलं.

नंतर मी ते चित्र पाहिलं. मागणी करून. लगेच मिळालं. नाळेच्या वरच्या माथ्यावर बर्फात एक बारीक काळी रेघ होती, दुधाच्या सायीवर पडते तशी; बर्फ सुटायच्या आधी पडणारी चीर. फिलिपच्या कक्षातल्या कुणीतरी तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. ते चित्र आदल्या दुपारी माझ्या टेबलावर आलं असतं तर गस्त निघालीच नसती.

चौकशी झाली. वाचलेल्यांनी खरं ते सांगितलं की हवालदारानं ठरलेली वाट सोडली. मला विचारलं गेलं, त्या भागाचं ताजं चित्र उपलब्ध होतं का? मी म्हणालो, “आमच्याकडे नव्हतं.” शब्दन् शब्द खरा. हवाई दलाकडे होतं, आमच्याकडे नव्हतं. चित्र नाही म्हटल्यावर चीर नाही, चीर नाही म्हटल्यावर ठरलेल्या वाटेला धोका नाही, आणि धोका नाही म्हटल्यावर धारेवर चढल्यानंच बर्फ सुटलं, म्हणजे ती वाट सोडणारा माणूस चुकला. निष्कर्ष तसा निघाला: गस्तप्रमुखानं स्वतःच्या निर्णयानं मार्ग बदलला. उरलेल्यांचा जीव ज्यानं वाचवला, त्याच्या नावापुढं चूक लागली. मी ती लागू दिली.

याहून वाईट आहे ते सांगून टाकतो. माझ्या टिपणात मी त्या घटनेचा दाखला दिला. चित्र अस्तित्वात होतं पण वेळेत खाली पोचलं नाही, दोन जवान गेले, म्हणून व्यवस्था बदलली पाहिजे. नाव दिलं नाही, जागा दिली नाही, मागणी कुणी केली नाही हे तर नाहीच. चौकशीचे कागद एकीकडं गेले, टिपण दुसरीकडं. दोन्ही एकत्र ठेवून वाचायला कुणाला सांगितलेलं नव्हतं. टिपण वाखाणलं गेलं ते या दाखल्यामुळंच, एका वरिष्ठांनी मला म्हटलं होतं, “उदाहरण फार परिणामकारक आहे.” गुळाचा खडा तेव्हा माझ्या तोंडात होता. मी तो गिळला.

सुट्टीवर आलो तेव्हा मुरगूडला गेलो. विलासला आई-वडील नव्हते. मोठ्या बहिणीनं, शांताक्कानं त्याला वाढवलेलं. ती माझ्याच वयाची. ओसरीवर बसून मी तिला म्हणालो की हवामान वाईट होतं, शक्य होतं ते सगळं आम्ही केलं. तिनं एकच विचारलं, “वाट चुकला व्हय त्यो?” मी म्हणालो, “वाट बदलली त्यानं.” ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, “तुमी सवता आलासा. मोठं माणूस असून आलासा. ह्येचं पांग कसं फेडू?” आणि त्या वर्षापासून प्रत्येक हंगामाला, कुणी ना कुणी कोल्हापूरला येणारा गाठून, ती मला एक लहान ढेप पाठवते. पहिल्या उतरलेल्या गुळाची. आमच्या घरात पुरणपोळी त्याच गुळाची होते. बायको म्हणते, असा गूळ बाजारात मिळत नाही. मला मधुमेह झाला तेव्हा मी डॉक्टरांचे मनातल्या मनात आभार मानले.

मधल्या काळात शिरोळ भागात मोठा पूर आला होता, तेव्हा मी टीव्हीवर हेलिकॉप्टरं पाहिली. छपरावर बसलेली माणसं हात वर करत होती. खालून होड्या जात होत्या त्या लष्कराच्या, वर घिरट्या हवाई दलाच्या, पाणी कुठवर पसरलंय हे सांगत होती ती उपग्रहाची चित्रं. छपरावरच्या एकाही बाईनं वर बघून विचारलं नाही की तुम्ही कुणाकडचे. आणि वरच्यांनीही मागणीची वाट बघितली नाही. म्हणजे येतं आपल्याला. पाणी नाकाशी आलं की येतं.

आता मला कुणी विचारलं तर मी काय सांगेन? आभाळ वाटूच नका, असं मी म्हणणार नाही. ते भाबडेपणाचं आहे. विमान उडवायला आयुष्य जातं, ते ज्याचं गेलंय त्यानंच उडवावं. जमिनीला चिकटून चालणारी हेलिकॉप्टरं जमिनीवरच्याच्या हाताशी असावीत. उपग्रहांसाठी वेगळी शाखा काढायची असेल तर काढा, तिला वेगळी टोपी द्या, हरकत नाही. काम वाटल्याशिवाय होत नाही. काहिलीवर एक आणि खड्ड्यात एक लागतोच. पण दिसणं वाटू नका. ज्याला दिसलं त्यानं ओरडायचं, विचारण्याची वाट न बघता, आणि ओरडला नाही तर जाब त्याला. ज्यानं विचारलं नाही त्यालाही जाब. माझ्या अख्ख्या टिपणात अधिकार कुणाचा यावर पानंच्या पानं होती. हाक कुणी मारायची यावर एक ओळ नव्हती. आज चार चौकटींत बोलणाऱ्यांच्या बोलण्यातही ती नसते. कान देऊन ऐका. प्रत्येकजण काय मागतो ते ऐकू येईल. काय देईन म्हणतो ते ऐकू येणार नाही.

फिलिप केरळात त्याच्या गावी असतो. कानानं अधू झालाय. बांधावरून परत आलो त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला आणि म्हणालो, मी आता त्या खिंडीचं सांगणार आहे. त्यानं मला ते पुन्हा मोठ्यानं सांगायला लावलं.

“आपण दोघांनी नियमच पाळला होता,” मग तो म्हणाला.

“हो. तेच सांगणार आहे.”

“माझंही नाव घे,” तो म्हणाला. मग विचारलं, “त्या बैलाचं नाव काय होतं रे?”

मी सांगितलं. या वेळी तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मुरगूडला गेलो. शांताक्का आता वाकली आहे, पण आवाज खणखणीत. मला बघून तिनं आतल्या सुनेला हाक मारली, “च्या टाक गं, सायेब आल्यात. आन् गूळ घाल, साकर नगं.” मी म्हणालो, आधी ऐका. आणि सांगितलं. फोन, मागणी, रेघ, ‘आमच्याकडे नव्हतं’. तिला उपग्रह वगैरे समजावून सांगावं लागेल असं मला वाटलं होतं. तशी गरज पडली नाही. तिनं मधेच थांबवलं.

“म्हंजे त्यो वाट चुकला न्हाई.”

“नाही. त्यानं बरोबर केलं. त्याच्यामुळं बाकीचे वाचले.”

“आन् तुमास्नी आदल्या दिशी कळत हुतं.”

“विचारलं असतं तर कळलं असतं.”

“इचारलं का न्हाई?”

मी टिपणाबद्दल सांगायला लागलो. लष्कर, हवाई दल, कुणाचं काय. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, गुऱ्हाळावर मी वडिलांच्या तोंडाकडं बघितलं होतं तसं. मग हात आडवा करून तिनं मला गप्प केलं.

“सदाच्या घरची मानसं आमच्या उंबऱ्याला शिवली न्हाईत तवापास्नं,” ती म्हणाली. “आमच्या पोराला तुमच्यानं खाल्लं म्हणत्यात. जत्रंत समोर आली तर तोंड फिरवून जात्यात. मीबी मान खाली घालत आले. विल्यानंच चूक केली म्हणून. माझ्या भावाची मी सवता मान खाली घातली, सायेब.”

चहा आला. तिनं कप माझ्यापुढं सरकवला नाही, परतही नेला नाही. तो तिथंच ओसरीवर निवत राहिला.

“हितं माझ्या कानात सांगून काय उपेग?” ती म्हणाली. “म्या आता काय त्याला ववाळणार हाय? शिरोळला जावा. आन् चार लोकांत सांगा. लिवता येतंय न्हवं तुमास्नी? लई लिवलासा म्हणं.”

मी उठलो. दारापर्यंत ती आली. दरवर्षी माझ्यासाठीची पिशवी कुणाच्या तरी हातात द्यायची ती इथूनच. या वेळी तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“औंदा गूळ न्हाई व्हायचा, सायेब,” ती म्हणाली, आणि आत गेली. अंगणाच्या कडेला ढेपांची थप्पी होती, ताज्या, पिवळ्याधमक. बाजूनं जाताना वास आला. गोड होता. मला पहिल्यांदाच कळला.

चार लोकांत सांगा म्हणाली, म्हणून हे लिहिलं. शिरोळला मात्र लिहिण्याआधीच गेलो. मुरगूडहून निघालो तो तसाच. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, पुढं सरकत नव्हती. सदाचं घर विचारत विचारत सापडलं. भिंतीवर पुराची मळकट रेघ अजून आहे, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. रंग देऊनही खालून उमटते म्हणतात. सदाचा भाऊ अंगणात जनावरांना पाणी दाखवत होता. केस पिकलेले. अनोळखी म्हातारा बघून त्यानं बादली ठेवली, खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले, आतून तांब्या भरून आणला.

“या पावणं, बसा,” तो म्हणाला. “कुणाकडनं आलासा?”

सगळं आयुष्य मी या प्रश्नाला माझ्या शाखेचं नाव सांगत आलो होतो.

“मुरगूडच्या विलासकडनं,” मी म्हणालो.

पुढं केलेला तांब्या हवेतच थबकला. तो माझ्याकडं बघत राहिला. पुन्हा बसा म्हणाला नाही, जाही म्हणाला नाही. काहीच विचारलं नाही त्यानं.

मी उभ्यानंच सांगायला लागलो.